एका जंगलात किती वटवाघळे?

श्रोतेहो, नमस्कार.

चैत्र लागला की आपल्या गडचिरोली-गोंदियाकडच्या गावांत लोक पहाटेच टोपल्या घेऊन मोह वेचायला निघतात. ते झाडाखाली पोहोचण्यापूर्वी रात्रभर तिथे दुसऱ्यांची वर्दळ होऊन गेलेली असते. वाघळे मोहाची रसाळ फुले खायला येतात आणि त्या ओघात एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर नेतात. पुढे फळे पिकली की तीच वाघळे फळ तोंडात धरून दूरच्या झाडावर जाऊन खातात आणि बी तिथे टाकून देतात. आज मला बोलायचे आहे ते विषुववृत्ताच्या आसपासच्या सदाहरित वर्षावनांतील वटवाघळांविषयी, परंतु तिकडची वाट या मोहाखालूनच जाते असे मला वाटते.

जगात वटवाघळांच्या १,४०० हून अधिक जाती आहेत. सस्तन प्राण्यांच्या दर पाच जातींमागे साधारण एक जात वटवाघळाची आहे, आणि भारतात अशा सुमारे १३० जाती आढळतात. आता पनामा देशातील बारो कोलोराडो हे बेट पाहा. कालव्यासाठी नदीवर धरण बांधले, पाणी चढले आणि १९१४ च्या सुमारास एका जंगली टेकडीचा माथा तेवढा वर उरला, तेच हे बेट. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम १५-१६ चौरस किलोमीटर असूनही तिथे वटवाघळांच्या ७० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे, म्हणजे आपल्या अख्ख्या देशातील जातींच्या निम्म्याहून जास्त.

एवढ्या जाती एका ठिकाणी पोट कसे भरतात, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर वर्षावनाच्या रचनेत आहे. आपल्या पानगळीच्या जंगलात मोहाचा हंगाम काही आठवड्यांचा असतो आणि तो सरला की वाघळांना वड, उंबर, पिंपळ शोधत लांबवर उडावे लागते. वर्षावनात मात्र कुठले ना कुठले झाड बहुधा प्रत्येक महिन्यात फुललेले किंवा फळलेले सापडते, त्यामुळे एकाच प्रकारच्या अन्नावर वर्षभर जगणे शक्य होते. अमेरिकेतील पर्णनासिक, म्हणजे नाकावर पानासारखा पडदा असणाऱ्या वाघळांच्या कुळात दोनशेहून अधिक जाती आहेत. त्यांतील काही उंबराच्या जातीची फळे खातात, काही झुडपांवरील मिरीवर्गीय फळांवर जगतात, काही लांब जिभेने मध पितात, तर एक जात नर बेडकाची हाक ऐकून त्यालाच उचलते. बेडूक खाणारे वाघूळ आपल्याकडेही आहे. जुन्या पडक्या देवळांत आणि ओसाड वाड्यांत राहणारे ते मोठ्या कानांचे वाघूळ अगदी वेगळ्या कुळातील आहे, तरी पोटाचा धंदा तोच. याच अमेरिकी कुळात रक्त पिणाऱ्या तीन जाती आहेत, पण त्या अमेरिका खंडाबाहेर कुठेच नाहीत, तेव्हा गोठ्यातील गाईबैलांची काळजी या कारणाने तरी कुणी करू नये.

आशियाच्या वर्षावनांत चित्र पालटते. मलेशिया आणि बोर्निओतील उंच वृक्ष दरवर्षी फळत नाहीत. काही वर्षांच्या अंतराने एकदम बहरतात, आणि मधल्या काळात फळांची चणचण असते. त्यामुळे तिथल्या गर्द झाडीत राज्य आहे ते कीटक खाणाऱ्या, रुंद आखूड पंखांच्या लहान वाघळांचे. फांद्यापानांच्या गुंत्यात वळत, अतिशय सूक्ष्म आवाजांच्या प्रतिध्वनीवरून ती किडे आणि पतंग टिपतात. बोर्निओतील एक लहानसे वाघूळ तर दिवसा घटपर्णी या किडे पकडणाऱ्या वनस्पतीच्या कलशासारख्या पानात झोपते. त्याच्या विष्ठेतून त्या वनस्पतीला नत्र मिळते, आणि वाघळाला फुकटची खोली.

ही मोजदाद सोपी नाही. जमिनीलगत बारीक धाग्यांची जाळी लावली तर फळे खाणारी सापडतात, परंतु झाडांच्या शेंड्यांवरून सुसाट जाणारी जाळ्याच्या वरूनच निघून जातात. आशियातील लहान कीटकभक्षी वाघळे जाळे ओळखून चुकवतात, म्हणून त्यांच्यासाठी वीणेसारख्या उभ्या तारा ताणलेला सापळा वापरतात. उंच उडणाऱ्यांचे आवाज यंत्राने टिपावे लागतात. म्हणून 'या जंगलात अमुक इतक्या जाती' असे वाक्य वाचताना मी आधी विचारतो, कोणत्या साधनाने मोजल्या? सापडलेल्या जातींपैकी बहुतेक विरळ असतात आणि दोन-चारच जाती पुन्हा पुन्हा जाळ्यात येतात, त्यामुळे थोडक्या रात्रींच्या पाहणीत अर्धे जंगल निसटते.

जंगलाचे तुकडे झाले की आधी कोण जाते, हेही पनामाच्या त्या जलाशयात दिसले. लहान बेटांवर फळे खाणारी वाघळे पाणी ओलांडून येत-जात राहिली, पण पानांवरून किडे आणि बेडूक टिपणारी नाहीशी झाली. पण दिसले नाही म्हणजे नाहीसे झाले, असेही नेहमी नसते. आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण भागातले सलीम अलींच्या नावाचे फळभक्षी वाघूळ १९४८ मध्ये तमिळनाडूत सापडले, त्याची वेगळी जात म्हणून नोंद १९७२ मध्ये झाली आणि पुन्हा ते दृष्टीस पडले १९९३ मध्ये. एवढा काळ ते त्याच डोंगरांत होते.

आज संध्याकाळी सवड मिळाली तर बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर बसून पाहा. दिवस मावळता मावळता झाडांच्या वरून अरुंद पंखांची वाघळे सरळ रेषेत निघतील. थोड्या वेळाने चिंचेभोवती लहान वाघळे गिरक्या घेऊ लागतील. आणि अंधार दाटला की एखादे पाण्याला जेमतेम स्पर्श करून घोट घेत पुढे जाईल. तिघांच्या उडण्याच्या उंचीत किती फरक आहे, तेवढे लक्षात ठेवा.