रोहूच्या अंड्यातील पहिले सोळा तास

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत पसरलेल्या माजी मालगुजारी तलावांना, म्हणजेच मामा तलावांना, पाऊस लागला की धानाच्या बांध्यांबरोबर ढिवर बांधवांच्या मच्छीमार संस्थांचीही लगबग सुरू होते. तलावात रोहू चांगला पोसला जातो, परंतु पुराच्या वाहत्या पाण्याखेरीज तो सहसा अंडी घालत नाही, त्यामुळे दरवर्षी तलावात नव्याने बीज, म्हणजे माशांची पिले, सोडावे लागते. ते बीज घडते कसे, हे आपण भंडारा जिल्ह्यातील एका लहानशा मत्स्यबीज केंद्रावर पाहणार आहोत.

सायंकाळची वेळ आहे. ओल्या फडक्यात धरलेल्या मादीला शेपटीच्या बुंध्याजवळ संप्रेरकाचे इंजेक्शन दिले जात आहे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांच्या मेंदूखालील पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प, म्हणजे रोहूच्या गटातील, माशांचे प्रजनन घडवून आणले, त्याच कामाची ही पुढची पायरी आहे. तोपर्यंत बीज हवे असल्यास नदीला पूर येण्याची वाट पाहावी लागत असे. त्या यशाची आठवण म्हणून 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन पाळला जातो. आपल्या गावागावांतील संस्थांनीही तो पाळावा, असे मनापासून वाटते.

इंजेक्शननंतर काही तासांनी, गोल टाक्यात फिरत्या पाण्याची धार लागलेली असताना, मादी अंडी सोडते आणि नर त्यावर शुक्रद्रव सोडतो. पाण्यात पडलेल्या शुक्राणूची हालचाल जेमतेम मिनिटभर टिकते. तेवढ्या वेळात त्याला अंड्यावरील एकमेव सूक्ष्म छिद्र गाठावे लागते. आत शिरकाव झाला की अंड्याचे आवरण सुटून फुगते, आत पाणी भरते, आणि सुमारे दीड मिलिमीटरचे अंडे चार-पाच मिलिमीटरचे होऊन भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पारदर्शक दिसू लागते. तळहातावर घेतलेली ही अंडी नीट पाहावीत : जी पांढरट, अपारदर्शक झाली आहेत, ती फळलेली नाहीत.

आता सूक्ष्मदर्शकाखाली पाहू. पिवळ्या बलकाच्या एका टोकाला जीवद्रव्य गोळा होऊन उंचवटा तयार झाला आहे. तासाभराच्या आतच त्या उंचवट्याच्या मधोमध खाच पडते आणि एका पेशीच्या दोन होतात. मग चार, आठ, सोळा. बलक मात्र विभागला जात नाही, तो खाली अखंड राहतो, कारण पुढचे तीन दिवस पिलाचे अन्न तेच आहे. या पेशी वाढत नाहीत, केवळ विभागतात, म्हणून प्रत्येक विभाजनानंतर त्या अधिकाधिक लहान होत जातात. या सुरुवातीच्या काळात भ्रूणाची स्वतःची जनुके जवळजवळ शांत असतात आणि सारा कारभार मादीने अंडे घडवतानाच त्यात साठवून ठेवलेल्या सूचनांवर चालतो. मादीला चांगले पोसावे, असे जाणकार संवर्धक आवर्जून सांगतात, ते याही कारणाने.

तीन-एक तासांनंतर पेशींचा हा थर बलकावरून खाली पसरू लागतो. याच पसरण्यात काही पेशी कडेने आत वळतात; त्यांपासून पुढे स्नायू, आतडे आणि पाठीचा दांडा घडतो, तर बाहेर राहिलेल्यांपासून त्वचा आणि मेंदू. बलक पूर्ण झाकला गेला की लांबट शरीर दिसू लागते, पाठीवर स्नायूखंड एकामागून एक उमटतात, डोळ्यांच्या जागा स्पष्ट होतात. आणि हे पाहा, शेपूट बलकापासून सुटली आहे आणि भ्रूण आवरणाच्या आत झटके देत आहे.

या संपूर्ण काळात पाणी सतत हलते, स्वच्छ आणि प्राणवायूयुक्त राहिले पाहिजे. त्याचे तापमान 26 ते 31 अंश सेल्सिअस असल्यास साधारण 14 ते 18 तासांत पिले आवरण फोडून बाहेर येतात. वीज जाऊन पाण्याची धार थांबली, तर अंडी तळाशी बसून गुदमरतात. दूरवरून, अगदी बंगालमधूनही, पिशव्यांत भरून आणलेले बीज वाटेतच दगावते आणि तो तोटा संस्थेच्या माथी बसतो. जेथे तलाव आहेत, त्या प्रत्येक तालुक्यात असे एक केंद्र उभे राहिले पाहिजे.

तिसऱ्या दिवशी बलक संपत आला आहे आणि पिलांचे तोंड उघडले आहे. यांना आता मत्स्यजिरे म्हणतात. एका मिलिलिटरात साधारण 500 जिरे धरून लहान गाळणीच्या मापाने त्यांची मोजणी सुरू आहे. मोजलेले जिरे शेणखत घालून तयार ठेवलेल्या संगोपन तळ्यात सोडले जाईल आणि उद्यापासून त्याला शेंगदाण्याच्या पेंडीचे बारीक पीठ मिळेल.