पेंढा भरलेला प्राणी घरात ठेवायचा, तर

श्रोतेहो,

‘पेंढा भरणे’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत इतका रुळला आहे की टॅक्सिडर्मी म्हटले की कातड्याच्या पिशवीत गवत कोंबलेला प्राणी डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि जुन्या कामांच्या बाबतीत ते चित्र बरेचसे खरेही आहे. ज्या ग्रीक शब्दांवरून हे नाव पडले, त्यांचा अर्थ मात्र ‘कातडीची मांडणी’ असा होतो. असा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा प्राणी घरात आणणारा माणूस एका मांडलेल्या वस्तूची पुन्हा मांडणी करत असतो. ती कुठे शोभेल हा प्रश्न त्याने शेवटी विचारावा आणि तिला काय सोसते, काय सोसत नाही, हे आधी समजून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात विषापासून करतो. अठराव्या शतकात जमवलेले पक्षी बहुतांशी किड्यांनी खाऊन टाकले. फ्रान्समधील मेत्स शहरातल्या झां-बाप्तिस्त बेकर या औषधविक्रेत्याने सोमल (म्हणजे आर्सेनिक हे विष), कापूर, साबण अशा द्रव्यांचे एक मिश्रण तयार केले. ते कातडीच्या आतल्या बाजूला फासले की किडा फिरकत नसे. 1777 मध्ये बेकर वारला तोवर ही कृती त्याने गुप्त ठेवली होती. ती पुढे छापली गेली आणि विसाव्या शतकातही बराच काळ वापरात राहिली. चार्ल्स वॉटरटन या इंग्रज निसर्गअभ्यासकाने सोमलाऐवजी पाऱ्याच्या विषारी क्षारात कातडी भिजवून ती आतून पोकळ ठेवण्याची रीत काढली. त्याने जॉन एडमनस्टोन या गुलामगिरीत जन्मलेल्या माणसाला हे काम शिकवले, आणि गुलामीतून मुक्त झालेल्या एडमनस्टोनने 1826 मध्ये एडिंबरोत तरुण चार्ल्स डार्विनला शिकवले. या विद्येची ही परंपरा मला शिकारखान्यांच्या भिंतींपेक्षा फार मोलाची वाटते.

म्हणून जुन्या प्रत्येक नमुन्यात सोमल किंवा पारा आहे असे धरूनच चालावे. पिसांच्या मुळाशी किंवा डोळ्यांभोवती पांढरी भुकटी दिसली तर शंका बळावते, पण ती दिसली नाही म्हणजे विष नाही, असा निष्कर्ष काढू नये. झोपण्याची खोली, स्वयंपाकघर आणि मुलांचा किंवा पाळीव प्राण्यांचा वावर असलेली जागा या तिन्ही वर्ज्य समजाव्यात. केसांवरून हात फिरवण्याचा मोह सर्वांनाच होतो, तो आवरावा. हाताळणी हातमोजे घालूनच करावी. फुंकर मारून किंवा साध्या व्हॅक्यूम क्लीनरने धूळ काढली तर विषारी कण खोलीभर उडतात.

काचेच्या पेटीबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होताना मी पाहतो. जुन्या कारागिरांनी पक्षी नुसता उभा केला नाही. त्याच्यामागे आकाश रंगवले, पायाखाली माती, शेवाळ, वाळलेले गवत मांडले आणि पेटीच्या फटी कागदी पट्ट्यांनी बंद केल्या. ही पट्टी म्हणजे किड्यांविरुद्धची तटबंदी होती. आजच्या मोकळ्या दिवाणखान्यात ती पेटी जड वाटते म्हणून लोक पक्षी बाहेर काढून फळीवर ठेवतात, आणि मग काही वर्षांत कसर आणि गालिच्यातल्या भुंगेऱ्यांच्या अळ्या त्याचा फडशा पाडतात. शिवाय पेटीबरोबर त्या कामाचा अर्थही जातो. वॉल्टर पॉटर या इंग्रज कारागिराने मांजराची पिले, ससे, चिमण्या यांना माणसांसारखे बसवून मोठमोठे देखावे रचले होते. त्याचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतरही अनेक दशके एकत्र राहिला आणि 2003 मध्ये लिलावात तुकड्या-तुकड्यांनी विकला गेला. त्याची रुची सर्वांना पटेल असे नाही, मला स्वतःलाही ती पूर्णपणे पटत नाही. तरी एकत्र असताना तो संग्रह एका माणसाच्या मनाचा आणि एका काळाचा जो पुरावा होता, तो आता सुट्या तुकड्यांतून वाचता येत नाही, याचे मला दुःख आहे.

दुरुस्तीच्या बाबतीतही हाच न्याय लावावा. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातला वॉलरस (सुळे असलेला समुद्री प्राणी) प्रसिद्ध आहे, कारण तो भरणाऱ्यांनी जिवंत वॉलरस पाहिलेला नसावा. त्याच्या अंगाच्या सगळ्या वळ्या ताणून त्यांनी त्याला फुग्यासारखा गुळगुळीत केला आहे. कार्ल एकली या अमेरिकी कारागिराने 1890 मध्ये मिलवॉकीच्या संग्रहालयासाठी मस्करॅट या पाणउंदरांचा देखावा त्यांच्या अधिवासासह उभा केला आणि पुढे स्नायूंच्या अचूक प्रतिकृतीवर कातडी चढवण्याची पद्धत विकसित केली. या दोन टोकांच्या मध्ये आपल्या घरातला नमुना कुठे बसतो ते पाहावे आणि त्याचा वेडेवाकडेपणा तसाच राहू द्यावा. नवा रंग, नवे डोळे, नवे पीस यांनी वस्तू सुधारत नाही, तिचे वय तेवढे पुसले जाते.

आता जागा. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. संग्रहालयांत अशा नाजूक वस्तूंवर साधारण 50 लक्सपर्यंतच (लक्स हे उजेडाचे माप) प्रकाश ठेवतात. खिडकीसमोरची भिंत आणि थेट रोखलेला दिवा म्हणूनच टाळावा. कोरड्या गरम हवेने कातडी आकसून ओठांशी, कानांशी आणि शिवणीवर फाटते, तर दमटपणाने बुरशी धरते. सापेक्ष आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास स्थिर असावी. खाली बारीक भुसा किंवा अळ्यांच्या रिकाम्या काती दिसल्या तर तो नमुना पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे 18 अंश सेल्सियसला दोन आठवडे ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर दव त्याच्यावरच जमते.

मांडणीविषयी माझा आग्रह एवढाच की एका खोलीत एकच प्राणी असावा, तो डोळ्यांच्या पातळीवर असावा आणि त्याच्याभोवती भिंत मोकळी असावी. उंचावर ओळीने टांगलेल्या मुंडक्यांत प्राणी दिसत नाही, मारणारा दिसतो.

विकत घेताना कागदपत्रे मागावीत. वन्य प्राण्यांच्या व्यापाराविषयीचा साइट्स (CITES) हा आंतरराष्ट्रीय करार 1973 मध्ये झाला आणि 1975 पासून लागू आहे. वस्तू जुनी आहे एवढ्याने ती आपोआप नियमांतून सुटत नाही, आणि देशांतर्गत कायदे त्याहून कडक असू शकतात. विक्रेत्याला तिचा उगम सांगता येत नसेल तर ती कितीही देखणी असो, तिथेच सोडावी.

पेटीच्या मागे चिकटवलेली चिठ्ठी कधीही खरवडू नये. तिच्यावर कारागिराचे नाव, प्राणी मिळाला ते ठिकाण किंवा नुसती एखादी तारीख असते. तिचे छायाचित्र काढावे, मजकूर उतरवून घ्यावा. चिठ्ठीच नसेल, तर ही वस्तू आपल्याकडे कधी, कुठून आणि कोणाकडून आली एवढे पेन्सिलीने एका कागदावर लिहून तो कागद पेटीच्या पाठीशी पाकिटात ठेवावा.