पैठणचे नाथ आणि बदललेले नाव

फाल्गुन वद्य षष्ठीला, म्हणजे नाथषष्ठीला, पैठणच्या वाळवंटात दिंड्या उतरतात. गावातल्या नाथवाड्यात, म्हणजे संत एकनाथांच्या घरी, त्याआधीच, तुकाराम बीजेपासून, रांजण भरण्यास सुरुवात झालेली असते. देवाने श्रीखंड्याच्या रूपात या घरी कावडीने पाणी भरले, अशी श्रद्धा आहे आणि त्याच श्रद्धेने माणसे आजही रांगेत उभी राहून रांजणात घागरी ओततात.

नाथांचे प्रसंग मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. तापलेल्या वाळूत रडणारे महाराचे मूल नाथांनी कडेवर घेतले. काशीहून आणलेली गंगेची कावड तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली. श्राद्धासाठी शिजलेले अन्न दारी आलेल्या अस्पृश्यांना वाढले आणि त्यापायी ब्रह्मवृंदाचा रोष पत्करला. इथल्या घरांत या गोष्टी आजीकडून नातवाकडे आलेल्या असतात.

सोळाव्या शतकातील हेच पैठण १९३५ मध्ये पडद्यावर आले, तेव्हा खरे पैठण निजामाच्या राज्यात होते आणि चित्रपट तयार होत होता ब्रिटिश अमलाखालच्या पुण्यात. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली होती आणि तिच्या स्टुडिओत व्ही. शांताराम एकनाथांवरील चित्रपट दिग्दर्शित करीत होते. त्यांनी चित्रपटाला नाव दिले होते ‘महात्मा’.

सेन्सॉरने या नावाला हरकत घेतली. ती का घेतली असेल, हे समजण्यासाठी तो काळ पाहावा लागतो. अस्पृश्यतेविरुद्ध प्रचार करीत महात्मा गांधी नोव्हेंबर १९३३ पासून देशभर दौरा करीत होते आणि त्याच दौऱ्यात, २५ जून १९३४ रोजी, पुण्यात त्यांच्या मोटारींच्या ताफ्यावर बॉम्ब टाकण्यात आला होता. अशा वेळी महारांच्या घरी जाऊन जेवणारा संत आणि वर ‘महात्मा’ हे नाव, म्हणजे प्रेक्षकाच्या मनात कोण उभे राहणार, हे सरकारला न कळण्याचे कारण नव्हते. अखेर चित्रपट ‘धर्मात्मा’ या नावाने प्रदर्शित झाला. शीर्षकातला एक शब्द बदलता आला. पण नाथांनी पंक्तिभेद मोडला, ही कथा तशीच राहिली, कारण ती साडेतीनशे वर्षे लोकांच्या तोंडी होती.

या चित्रपटात नाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली, ही गोष्ट आम्हाला थांबून पाहावीशी वाटते. शकुंतला, भामिनी, सिंधू अशा भूमिकांत ज्यांना महाराष्ट्राने डोळे भरून पाहिले, ज्यांच्या नेसण्याची आणि केशरचनेची घरोघरच्या स्त्रियांनी नक्कल केली, ते नारायण श्रीपाद राजहंस वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पुरुषवेषात, एका गृहस्थाश्रमी संताच्या रूपात कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. बोलपटाच्या लाटेत नाटक मंडळ्या मोडकळीला येत होत्या आणि कर्जाचा भार त्यांच्याही माथ्यावर होता. पण एका पदाला मिळणाऱ्या ‘वन्स मोअर’वर ज्यांची रात्र रंगत असे, त्या नटाला तुकड्यातुकड्यांनी होणारे, समोर श्रोता नसलेले ते काम मानवले नाही. प्रभातशी ठरलेले पुढचे चित्रपट झालेच नाहीत आणि बालगंधर्व रंगभूमीकडे परतले. या एका चित्रपटात मात्र नाथांचा शांतपणा त्यांच्याकडे आला, आणि आमच्या मते तो त्यांच्या गळ्याइतकाच मोलाचा आहे.

प्रभातचा कॅमेरा पैठणच्या कथेकडे पुन्हा वळला तो १९४० मध्ये, ‘संत ज्ञानेश्वर’च्या निमित्ताने. आपेगावच्या त्या चार भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या धर्मसभेपुढे यावे लागले होते आणि रेड्यामुखी वेद वदवल्याची कथा याच गावची आहे. दामले आणि फत्तेलाल या जोडीने तो चित्रपट दिग्दर्शित केला. ज्ञानेश्वरांची भूमिका करणारे शाहू मोडक जन्माने ख्रिस्ती होते आणि दिग्दर्शकांपैकी फत्तेलाल मुसलमान. ज्ञानेश्वरीची प्रत १५८४ मध्ये शुद्ध केली, तीही नाथांनीच. त्यामुळे हे दोन चित्रपट आम्हाला एकाच घरातले वाटतात.

‘धर्मात्मा’ जिथे आकाराला आला, त्या प्रभातच्या आवारात आज चित्रपट शिकवणारी राष्ट्रीय संस्था आहे. पैठणच्या वरच्या अंगाला गोदावरी अडवून झालेल्या जलाशयाला नाथसागर म्हणतात. षष्ठीच्या दिवशी वाळवंटातले ऊन चढत जाते, टाळांचा आवाज पाण्यावरून ऐकू येतो, आणि कुणीतरी दमलेले पोर खांद्यावर घेऊन गर्दीतून समाधीमंदिराकडे वाट काढत असते.