रायवळाचा गुळांबा

(खालून वर जाणारा कॅमेरा. झाडाचा शेंडा दिसत नाही.)

चैत्र अर्धा सरलाय. राजापूर तालुक्यातली ही वाडी. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, हापूसच्या कलमांच्या रांगा, आणि घरामागच्या परड्यात हे एकटं झाड. रायवळ. हे कुणी लावलेलं नाही. कधीतरी कुणीतरी आंबा खाऊन बाठा भिरकावला, तो रुजला. बाठ्यातून आलेलं प्रत्येक झाड वेगळं, म्हणून शेजारच्या दोन रायवळांची चव एक नसते. खोबऱ्या, शेंद्र्या, साखऱ्या अशी एकेका झाडाला नावं पडायची. हा ‘आंबट्या’. पिकला तरी दात आंबवतो. गुळांब्याला मात्र हाच लागतो.

(घळ, म्हणजे आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी. कैरी जाळीत पडते.)

देठ तुटला की चीक उडतो, अंगावर पडला तर कातडी भाजते. म्हणून कैऱ्या आधी पाण्यात.

(विळीवर हात. कैरी दुभागते.)

आता आवाज ऐका. कर्र... खच्च. बाठा धरलेली कैरी अशी वाजते. कोवळी कैरी शिजून लगदा होते, जून कैरीला रेषा येतात. ही मधली वेळ फार तर दोन आठवड्यांची. साल जाड काढायची. पातळ सोललं तर कडवटपणा राहतो.

पितळेचं पातेलं. आतून पांढरं दिसतंय ती कल्हई. आंबट पदार्थ उघड्या पितळेत कळकतो, म्हणून कथिलाचा हा थर. कल्हईवाला आता वाडीत येत नाही, पातेलं राजापूरला न्यावं लागतं.

(तूप. लवंगा तडतडतात.)

चमचाभर तूप, पाच-सहा लवंगा, त्यावर फोडी. झाकणावर पाणी ठेवून मंद आच. फोडीचा रंग पालटून ती काचेसारखी दिसेपर्यंत गुळाला हात लावायचा नाही. गुळांबा करणाऱ्या काकी म्हणतात, “गूळ घाईनं टाकलास तर फोड चामट होते. मग दिवसभर शिजव, मऊ व्हायची नाही.” गुळाचा पाक फोडीतलं पाणी ओढून घेतो, ती आकसते.

(किसलेला गूळ. मग वितळून, फडक्यातून गाळताना.)

गूळ कोल्हापूरचा. एक वाटी फोडींना सव्वा वाटी, आंबट्यासाठी दीड. थोड्या पाण्यात वितळून गाळून घेतलाय. फडक्यावर काय उरलं ते बघाच! उसाची चिपाडं, दोन खडे.

(उकळी. बुडबुडे लहान होत जातात.)

बुडबुडे आधी मोठे, घाईचे. पाणी आटेल तसे बारीक आणि जड होतात. कैरीत आंबटपणाही आहे आणि पेक्टिनही, त्यामुळे घट्ट व्हायला बाहेरून काही घालावं लागत नाही.

दालचिनी परड्यातलीच, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण तेज’ जात. काकींना नावाशी कर्तव्य नाही, साल जिभेला तिखटगोड लागली की झालं. वेलची अगदी शेवटी, नाहीतर वास वाफेबरोबर जातो. जायफळ? काकींनी मान हलवली. नाही.

(ताटलीत थेंब. दोन बोटांत एक तार.)

थेंब ताटली कलती केली तरी पळत नाही. एकतारी. इथेच थांबायचं. गार झाल्यावर गुळांबा आणखी आळतो. आता दाट दिसला तर उद्या चमचा वाकेल.

(सड्यावरची कलमं. मग एक बुंधा.)

1990 मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, कातळ फोडून कलमं लागली. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रायवळाला बाजार नाही, लाकडाला आहे: खोकी, सरपण. या परड्यात चार रायवळ होते. तोड झाली तेव्हा आम्ही इथे नव्हतो.

(शांतता. बुंध्यावर मुंग्या.)

(चिनी मातीची बरणी.)

बरणी उन्हात तापवून कोरडी केलेली. गुळांबा पूर्ण गार झाल्यावरच आत. गरम भरला तर झाकणाखाली घाम धरतो आणि बुरशी येते. वर फडक्याचा दादरा बांधून बरणी फडताळात.

(पातेल्याच्या कडा. तांदळाची भाकरी.)

पातेल्याला चिकटलेला गुळांबा गरम भाकरीने पुसून खायचा मान शेवटपर्यंत चुलीपाशी थांबणाऱ्याचा. आज तो आमच्या कॅमेरामनने घेतला, म्हणून हे दृश्य जरा हललंय.