घराण्यातली शुगर आणि एक जनुक

नमस्कार, श्रोतेहो.

"आमच्या घराण्यातच शुगर आहे," असं आपण सहज सांगतो. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण त्यामागे एकच जनुक नसतं, शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो आणि वाढतं वजन, बैठं काम त्यात भर घालतं. या नेहमीच्या टाइप टू मधुमेहात जनुकांच्या महागड्या चाचण्यांनी उपचार सहसा बदलत नाहीत. जाहिराती काहीही म्हणोत.

काही थोड्या रुग्णांत मात्र एकाच जनुकातला बिघाड पुरेसा ठरतो.

समजा, तीन महिन्यांचं बाळ आहे. सारखी लघवी करतं, अंग धरत नाही, आणि तपासल्यावर साखर भलतीच वाढलेली निघते. पूर्वी त्याला टाइप वन (शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते तो मधुमेह) समजून जन्मभर इन्सुलिन देत. २००४ साली इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या संशोधक अँड्र्यू हॅटर्सली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अशा अनेक बाळांत केसीएनजे-इलेव्हन या जनुकात दोष असतो. स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीवर पोटॅशियमचं एक दार असतं. साखर वाढली की ते मिटतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं. या बाळांत दार मिटतच नाही. इन्सुलिन तयार असतं, पण आतच अडकून राहतं.

गंमत अशी, की ते दार बंद करणारी गोळी आपल्याकडे कितीतरी वर्षं होती: ग्लिबेनक्लामाइड, टाइप टू मधुमेहावरची, आजी-आजोबांच्या डब्यातली! २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ पैकी ४४ रुग्णांचं इन्सुलिन या गटातल्या गोळ्यांवर सुटलं.

दुसरा प्रकार 'मोडी' (MODY), म्हणजे एकाच जनुकामुळे तरुणपणी होणारा मधुमेह. हा बहुधा पंचविशीच्या आत दिसतो, अंगकाठी अनेकदा सडपातळ, आणि आजोबा, वडील, मुलगा अशी सरळ साखळी. यात एचएनएफ-वन-ए जनुकात दोष असेल, तर याच गटातल्या गोळीचा अगदी लहान डोसही चांगला लागू पडतो. ग्लुकोकायनेजच्या, म्हणजे बीटा पेशीला साखरेची पातळी कळवणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकात असेल, तर उपाशीपोटीची साखर जन्मापासूनच किंचित जास्त राहते. गरोदरपण सोडलं तर औषधही सहसा लागत नाही. अशा माणसाला वर्षानुवर्षं गोळ्या देणं मला तरी अन्यायच वाटतो.

ओळखायचं कसं? आधी सी-पेप्टाइड (शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवतंय का ते सांगणारी) आणि अँटिबॉडी (टाइप वनमध्ये बीटा पेशींविरुद्ध तयार होणारी प्रथिनं शोधणारी) अशा चाचण्या होतात. शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवतंय आणि अँटिबॉडी नाहीत, असं दिसलं की रक्तातून जनुकं वाचतात. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनमध्ये हे काम चालतं.

तान्हेपणी मधुमेह झालेल्या मुलाची आई विचारते, "दोष कुणाच्या घराण्याचा?" केसीएनजे-इलेव्हनच्या बाबतीत पुष्कळदा कुणाच्याच नाही, तो बदल बाळातच नव्याने घडलेला असतो. आणि मूल सहा महिन्यांचं होण्याआधी मधुमेहाचं निदान झालं असेल, तर आज ते कॉलेजात जात असलं तरी चाचणी करून घ्या. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने थांबवू नका. गोळीवर आणायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.