पाणी ५५ फुटांवर आणि बेटावरचे दहा जण

मंडळी, आवडलेल्या पुस्तकावर बोला म्हणून मला बोलावलंय, आणि मी घेऊन आलोय अर्धंच आवडलेलं पुस्तक. अगाथा ख्रिस्तीचं ‘अँड देन देअर वेअर नन’, १९३९ सालचं. खुनी कोण ते सांगणार नाही, निर्धास्त ऐका.

डेव्हनच्या किनाऱ्याजवळचं एक बेट. दहा जणांना काही ना काही निमित्तानं तिथं बोलावून घेतलेलं. पहिल्याच रात्री जेवणं झाल्यावर ग्रामोफोन लागतो आणि प्रत्येकाच्या नावावर कुणाचं तरी मरण मांडतो. कायद्याच्या हाती न लागणारे गुन्हे. मग एकेक जण मरायला लागतो, आणि जेवणाच्या टेबलावरच्या चिनी मातीच्या दहा बाहुल्यांतली एकेक नाहीशी होते.

हे मी वाचलं ऑगस्ट २०१९ मध्ये, कोल्हापूरच्या महापुरात. ते दिवस तुम्हाला काय सांगायचे! धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ च्या वर. शिरोलीजवळ हायवे बंद, नळ कोरडे, आमच्याकडं लाईट नाही. शेजारच्या काकांनी विचारलं, काय वाचतोयस? म्हटलं, बेटावर अडकलेल्या माणसांची गोष्ट. तर म्हणाले, “मग पुस्तक कशाला? खिडकीतनं बघ की!”

तिसऱ्या दिवशी जिन्यात ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या कुणीतरी मोजल्या. सकाळी चोवीस होत्या, दुपारी एकवीस. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांची नजर तळमजल्यावरनं वर राहायला आलेल्या कुटुंबाकडं गेली. माझीही गेली. संध्याकाळी कळलं, वरच्या मजल्यावरच्या आजींच्या गोळ्यांसाठी त्यांचा नातूच बाटल्या नेत होता. त्या रात्री पुस्तकात बाहुल्या मोजणं आलं आणि मी पान मिटून ठेवलं.

आता आवडलं ते. व्हेरा नावाची गव्हर्नेस आहे. सांभाळायला दिलेल्या पोराला तिनं समुद्रात लांबवर पोहत जाऊ दिलं, तो बुडणार हे ठाऊक असताना. बेटावर एका संध्याकाळी ती मेणबत्ती घेऊन खोलीत जाते. वाऱ्यानं मेणबत्ती विझते, आणि अंधारात काहीतरी गार, ओलं, समुद्राचा वास येणारं तिच्या गळ्याला लागतं. ती जीव खाऊन किंचाळते. छताच्या हुकाला टांगलेलं समुद्रशेवाळ असतं, बाकी काही नाही. म्हणजे ज्यानं टांगलं त्याला तिच्या मनातलं सगळं ठाऊक आहे. रक्ताचा थेंब नाही, तरी अख्ख्या पुस्तकात मी सर्वांत जास्त घाबरलो ते इथं.

आणि खटकलं ते शेवटाला. बेटावर दहा प्रेतं, पोलीस हैराण, स्कॉटलंड यार्डचे दोघे अधिकारी एकमेकांकडं बघत बसलेत : मग यांना मारलं कुणी? बास, इथं थांबायचं! पण नाही. समुद्रात बाटली सापडते, बाटलीत खुन्याचं पत्र, आणि पत्रात सगळं व्यवस्थित. ज्याचा दोष हलका त्याला आधी मारलं, जड त्याला शेवटपर्यंत भीतीत ठेवलं. आपण केलेल्या कामाला दाद मिळावी म्हणून हे लिहितोय, असंही तो कबूल करतो. तीन दिवस माझ्या उशाशी बसलेली भीती त्या पत्रानं चार पानांत हिशोबाच्या वहीत बसवली. त्याहून वाईट म्हणजे वाचता वाचता मीही मान डोलावली, क्रम बरोबर लावलाय म्हणून. मागनं स्वतःचाच राग आला.

बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, “पत्र नसतं तर रात्री दोनला उठवून मलाच विचारलं असतंस, खुनी कोण म्हणून.” तेही खरंच आहे म्हणा. १९४३ मध्ये ख्रिस्तीबाईंनीच याचं नाटक केलं, तेव्हा सगळेच मेले तर गोष्ट सांगायला रंगमंचावर कोण उरणार, म्हणून दोघांना जिवंत ठेवलं. त्यापेक्षा पत्र परवडलं.

एक सांगायचं राहिलं. प्रत वाचनालयाची होती. सुरुवातीच्याच एका पानावर एका पात्राच्या नावाखाली पेन्सिलीनं रेघ मारून कुणीतरी लिहिलेलं, ‘हाच खुनी.’ वाचताना मी त्या माणसाला इतक्या शिव्या घातल्या! शेवटी कळलं, त्याचा अंदाज साफ चुकलेला. पूर ओसरल्यावर पुस्तक परत केलं. खोडरबर खिशात होता, पण रेघ तशीच ठेवली.