चेंबर कोणता? आधी पंप सांगा

श्रोतेहो, नमस्कार.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापते. मग त्या हवेत इंधन सोडलं की ते आपोआप पेट घेतं. सांगायला सोपं आहे. पण हे इंधन नेमकं कुठे सोडायचं, यावर जाणकारांचं कित्येक वर्षं एकमत होत नव्हतं.

रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन 1897 साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये चाचणीला उतरलं आणि इंधनातली सुमारे 26 टक्के उष्णता त्याने कामाला लावून दाखवली. मात्र नुसत्या पंपाने इंधनाचे बारीक तुषार होत नव्हते. त्यासाठी भरपूर दाबाच्या हवेचा झोत मारावा लागे. चुलीला फुंकणी, तशी ही इंजिनाची फुंकणी. पण तिच्यामागे कॉम्प्रेसर आला, हवेच्या टाक्या आल्या, नळ्या आल्या. कारखान्यात, जहाजावर ते चालून गेलं. ट्रकवर हे लटांबर कोण चढवणार?

बेन्झ कंपनीतल्या प्रॉस्पर लोरांज यांनी 1909 साली एका युक्तीचं पेटंट घेतलं. सिलिंडरच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या झाकणात, एक छोटी कोठडी ठेवायची आणि इंधन तिच्यात सोडायचं. हाच प्रीचेंबर. आत हवा थोडीच, त्यामुळे इंधनही थोडंच जळतं. पण तेवढ्यानेही दाब एकदम चढतो, आणि उरलेलं इंधन अरुंद भोकांतून खालच्या सिलिंडरमध्ये जोराने फेकलं जातं. फुंकणीचं काम आगच करते! मला विचाराल तर या साऱ्या कहाणीतली सर्वांत हुशार कल्पना हीच. नोझलची, म्हणजे इंधन फवारणाऱ्या तोटीची, धार जरा जाड पडली तरी इंजिन सांभाळून घेतं. 1923 साली बेन्झचा डिझेल ट्रक धावला तो याच पद्धतीवर.

पण कोठडीला भिंती असतात, आणि त्या उष्णता खातात. इंधन जास्त लागतं, थंडीत इंजिन लवकर पेटत नाही, म्हणून ग्लो प्लग, म्हणजे कोठडी तापवणारी विजेची कांडी, आली. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी यातून वाट काढली. त्यांच्या कॉमेट चेंबरचं तोंड तिरकं असे, त्यामुळे हवा आत शिरतानाच गरगर फिरे. चेंबरचा खालचा भाग वेगळ्या तुकड्याचा, आजूबाजूच्या धातूला फार न टेकणारा. तो तापलेलाच राही आणि आत येणाऱ्या हवेला ऊब देई.

दुसरा पक्ष म्हणे, कोठडी हवीच कशाला? इंधन थेट पिस्टनवर फवारा. एमएएन कंपनीने 1924 साली तसा ट्रक दाखवलाही. आता हिशोब बघा. मिनिटाला 1500 फेरे धरले, तर शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, 20 अंश फिरायला सेकंदाचा साडेचारशेवा भाग लागतो. साधारण तेवढ्या वेळात, मिलिमीटरपेक्षाही कितीतरी बारीक भोकांतून, दर खेपेला अगदी सारखं इंधन गेलं पाहिजे. त्या काळच्या वर्कशॉपच्या हे आवाक्याबाहेरचं होतं. खरं म्हणजे चेंबर निवडणं म्हणजे आपला पंप आणि नोझल किती भरवशाचे आहेत, ते कबूल करणं.

1927 मध्ये बॉश कंपनीचे इंधन फवारणीचे पंप मोठ्या संख्येने बनू लागले आणि पारडं फिरलं. 1931 च्या सुमारास आलेली गार्डनर कंपनीची थेट फवारणीची इंजिनं इंधन कमी पीत आणि थंडीतही हँडल मारून सुरू होत. बस आणि ट्रकवाल्यांना आणखी काय हवं?

मोटारींत मात्र प्रीचेंबर ठाण मांडून राहिला. 1936 ची मर्सिडीज 260 डी त्याच्यावरच चालायची. वेगाने फिरणाऱ्या छोट्या इंजिनात थेट फवारणी फार खडखडाट करी. याच मर्सिडीजच्या वंशातलं एक प्रीचेंबरचं इंजिन पुढे पुण्यात बनू लागलं आणि टेम्पो ट्रॅक्समध्ये बसलं. आपल्याकडच्या कित्येक वडापवाल्यांनी पहाटे किल्ली अर्धी फिरवून ग्लो प्लग तापायची वाट पाहिली असेल, ती लोरांज यांच्या त्या कोठडीपायी.

नमस्कार.